बारा शिलिंगांचा घोडा

बोरहॅमवुडच्या स्टुडिओत, तीन नंबरच्या फ्लोअरमागे
माझं कोठार होतं.
दारावर पाटी : विचारल्याशिवाय हात लावू नये.
आत मी, विल्फ्रेड ऑडी, एक किटली,
आणि त्या वर्षी लेखकांना जडलेलं एक वेड :

हेराला मारायचं, तर लहान मुलांच्या खोलीत.

आधी मारेकरी गोदीवर यायचे, धुक्यातून, कॉलर वर करून.
सहासष्ट साली कुणाच्या तरी ध्यानात आलं
की धुक्याला आता कुणी भीक घालत नाही.
मग चिठ्ठ्या येऊ लागल्या.
विदूषक एक, पेटीतून उसळणारा, दातांसकट.
बाहुल्या अकरा. पैकी एकीला डोळे नकोत.
अक्षरांचे ठोकळे, हेराचं नाव लागेल इतके
(एक अक्षर कमी पडलं,
मी डब्ल्यू उलटा करून एम म्हणून खपवला).

बाहुलीचे डोळे काढायला चहाचा चमचा पुरतो.
हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

घोडा मात्र मिळेना.
दुकानातले सगळे नवे, गुलाबी नाकपुड्यांचे, हसरे.
दिग्दर्शक म्हणाला, याला बघून कोण मरेल?

सेंट ऑल्बन्सच्या एका मागच्या गल्लीत
मिसेस एनिड थर्लोंनी दार अर्धंच उघडलं.
जिन्याखालून ओढून काढला :
राखाडी ठिपके, खऱ्या केसांची शेपूट,
उजवा कान कुरतडलेला.
"उंदीर?" मी विचारलं.
"लेनर्ड," त्या म्हणाल्या.

बारा शिलिंग. त्यांनी मोजून घेतले नाहीत.
एवढंच विचारलं, दिसेल कधी?
शनिवारी, नवाच्या आत, मी म्हणालो.
काय दिसेल ते सांगितलं नाही.

रिकामी खोली. जमिनीवर चांदण्याचा चौकोन
(चार नंबरचा दिवा, निळी काच).
हेर दारात. आत कुणी नाही.
आणि घोडा डुलायला लागतो.
संगीत नाही. नुसती लाकडाची कुरकुर.

फळ्यांखाली मी उताणा,
तर्जनीला नायलॉनचा धागा गुंडाळून,
पाळण्याची दोरी ओढावी तसा
ओढत, सोडत, ओढत.
सातव्या टेकला बोट कापलं.
तो टेक त्यांनी ठेवला.

शनिवारी माझ्या ग्वेनेथने उशीत तोंड खुपसलं.
रविवारी आपली बाहुली कोळशाच्या बादलीत कोंबली
आणि वर झाकण दाबून बसली.
मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

बुधवारी पत्र आलं.

मि. ऑडी,
माझ्याकडे टीव्ही नाही, शेजारणीकडे पाहिलं.
ती किंचाळली. बंद करायला उठली.
मी तिचा हात धरून ठेवला.
चव्वेचाळीसच्या जूनपासून मी त्याला हललेलं पाहिलं नव्हतं.
धूळ पुसतानाही एका हाताने मान धरायची मी.
तुमच्याकडचा मुलगा फार सावकाश झुलतो.
लेनर्ड जोरात झुलायचा, भिंतीचे पोपडे निघायचे.
पण तुम्हाला ते कुठून माहीत असणार.

तुमच्याकडचा मुलगा.
एवढं मी दोनदा वाचलं.

टेबलावर पुढच्या भागाची चिठ्ठी पडलेली :
घोडा तोच. पोटात टिकटिकणारा बॉम्ब.
शेवटी स्फोट, एकाच टेकमध्ये, जपून.
मी खाली लिहिलं, घोडा मोडला, दुसरा बघा,
आणि सही केली.

रात्री सगळे गेल्यावर
त्याला परत त्या खोलीत नेऊन ठेवला.
धागा बांधला. पट्टी बांधलेल्या बोटानेच
ओढला, जोरात,
पुढचं टोक भिंतीवर आपटेल इतका.

भिंत प्लायवूडची.
पोपडा कुठला निघतोय.
थोडा रंग सांडला,
आणि पलीकडे आमचा अंधार होता, केबली होत्या,
कुणाचा तरी थंड झालेला चहा.